मंडळाचे काम आणि हातातला मोबाइल : वाचकांचे प्रश्न

मंडळे, भिशीगट आणि उत्सव समित्या यांच्या रोजच्या कामात मोबाइल कसा आणावा आणि सभासदांना तो कसा शिकवावा, याविषयी मागील अंकात प्रश्न मागवले होते. इंदूर आणि देवासहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात घेतली असून पाठवणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात ६० सभासद असून बहुतेकींचे वय ५० ते ८० आहे. आम्ही दोन वेळा प्रोजेक्टर लावून मोबाइल प्रशिक्षणाची कार्यशाळा घेतली. शिकवणारा मुलगा हुशार होता, त्याने पुष्कळ गोष्टी दाखवल्या, सर्वांना आवडले. महिनाभराने विचारले, तर तिघींखेरीज कोणीच काही वापरत नव्हते. आमचे काय चुकले? (सचिव, महिला मंडळ, सुदामानगर)

उत्तर : पडद्यावर दिसला तो शिकवणाऱ्याचा फोन होता. घरी गेल्यावर हातात आला तो वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या मांडणीचा आणि पुष्कळदा मुलाने चार वर्षे वापरून दिलेला फोन. कार्यशाळेत उजवीकडे वर पाहिलेले चिन्ह त्या फोनवर भलतीकडेच असते, किंवा जागा भरल्यामुळे फोन काही करूच देत नाही, आणि अशा वेळी विचारायला जवळ कोणी नसते. सभासदांच्या बुद्धीत किंवा इच्छेत काही उणे आहे, असे आपण कृपया मनात आणू नये.

गेली काही वर्षे इंदुरातील मंडळांमध्ये मी हेच काम करते आहे. माझा अनुभव असा, की एखादे ॲप शिकवायला घेतले की तिसऱ्या आठवड्यापर्यंत वर्ग रिकामा होतो, आणि मंडळाचे एखादे अडलेले काम हातात घेतले की त्या कामापुरते ॲप सगळ्या जणी शिकून घेतात. आपल्याकडे असे काम निश्चित असेल. गणपतीच्या १० दिवसांत नैवेद्य कोणत्या दिवशी कोणाकडून येणार हे ठरवण्यासाठी सचिव म्हणून आपल्याला किती फोन करावे लागतात, ते आठवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मतदानाची सोय २०२२ च्या अखेरीस आली, आणि एका मतदानात १२ पर्याय देता येतात. १० दिवसांचे १० पर्याय लिहा आणि प्रत्येकीला आपला दिवस स्वतःच्या बोटाने निवडू द्या. कोणत्या दिवशी तिघी झाल्या आणि कोणता दिवस मोकळा राहिला, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसते. त्यावर ग्रुपमध्ये जी बोलणी होतात, ज्या अदलाबदली होतात, त्यांतूनच खरे शिक्षण होते, कारण तेथे प्रत्येकीला काहीतरी सांगायचे असते.

पहिली बैठक मात्र यासाठी खर्च करू नका. ती फोन नीट करण्यासाठी ठेवा. अक्षरे मोठी करून द्या. सुप्रभातची चित्रे आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा. सर्वांत अवघड काम गूगलच्या खात्याचे असते. ते दुकानदाराने किंवा नातवाने उघडून दिलेले असते, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि फोन हरवला की दूरध्वनी क्रमांकांपासून छायाचित्रांपर्यंत सारे त्याबरोबर जाते. पासवर्ड नव्याने ठरवणे, तो घरातील एका वहीत लिहून ती वही कपाटात ठेवणे, खात्याला स्वतःचा चालू क्रमांक जोडणे, एवढ्यातच पहिला दिवस संपेल, आणि संपला तरी चालेल. गूगलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी जागा मिळते. तीत पत्रे, छायाचित्रे आणि फाइली सगळे एकत्र मोजले जाते, ही गोष्टही त्याच दिवशी सांगावी.

फोनची भाषा कोणती ठेवावी, हे प्रत्येकीला विचारून ठरवा. मराठीचा आग्रह मलाही प्रिय आहे. परंतु इंदुरात जन्म काढलेल्या अनेकींचे शिक्षण हिंदीत झाले आहे. त्या बोलतात मराठी आणि वाचतात हिंदी. फोनचा मेनू ज्या भाषेत चटकन वाचता येतो, त्या भाषेत तो असावा. मंडळाचे संदेश मराठीत लिहावेत.

पुढच्या बैठकांची रीत अशी ठेवा, की एका टेबलाभोवती चौघी-पाच जणी आणि त्यांच्यासाठी एक मदतनीस बसेल. मदतनिसाने दुसरीच्या फोनला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा आणि तो कसोशीने पाळा. बोटाने दाखवावे, तोंडाने सांगावे, वाट पाहावी. पण फोन हातातून घेऊ नये. पाऊण तासात एकच गोष्ट व्हावी आणि पुढच्या वेळी सुरुवात मागच्याच गोष्टीने व्हावी. प्रत्येकीने छोट्या वहीत स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवावे. एका आजींच्या वहीत मी ‘कागदी विमान दाबले की जाते’ असे वाक्य वाचले होते. संदेश पाठवण्याच्या चिन्हाचे इतके नेमके वर्णन मला कधी सुचले नव्हते. तीन-चार आठवड्यांनी ज्यांना जमू लागले आहे, त्यांना दुसऱ्या टेबलावर मदतनीस म्हणून पाठवा. सत्तरीच्या बाई अडुसष्टच्या बाईला जो प्रश्न मोकळेपणाने विचारतात, तो त्या विशीतल्या मुलाला संकोचाने विचारत नाहीत.

हे सारे आपणच का करायचे, असे आपल्या मनात येईल. २०१७ मध्ये मंजूर झालेले प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान ग्रामीण कुटुंबांसाठी होते, त्याचा अभ्यासक्रम २० तासांचा होता, आणि वयाची अट १४ ते ६० वर्षे अशी होती. म्हणजे शहरात राहणारी, साठी ओलांडलेली बाई दोन्ही अर्थांनी त्या योजनेच्या बाहेर राहिली. तिच्यापर्यंत पोहोचणारी संस्था आजही तिचे मंडळच आहे. आणि ज्या सभासद ‘आम्हाला आता जमायचे नाही’ असे म्हणतात, त्यांच्यापैकी किती जणींनी गल्लीतील कचऱ्याचे छायाचित्र नगर निगमच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर पाठवले आहे, ते एकदा विचारून पाहा. ज्या कामाची निकड वाटली, त्यासाठी त्यांनी फोन केव्हाच आपलासा केला आहे.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव समितीने वर्गणीची नोंद यंदा प्रथमच गूगल शीटवर ठेवली. नऊ कार्यकर्ते घरोघरी जाऊन तेथूनच नोंद करत होते. आठवड्याभराने एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या हातून चाळीसएक ओळी पुसल्या गेल्या. आता जुनी मंडळी ‘आपली वहीच बरी’ असे म्हणत आहेत. (कोषाध्यक्ष, लोकमान्य नगर)

उत्तर : पुसलेल्या ओळी बहुधा परत मिळतील. तीच शीट संगणकावर उघडून फाइलच्या मेनूत आवृत्त्यांचा इतिहास पाहा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यातून काय बदलले, हे तेथे क्रमाने दिसते आणि आधीची आवृत्ती पूर्ववत करता येते. मात्र ती तशीच पूर्ववत केली, तर त्यानंतर आलेल्या नोंदी जातील. म्हणून आजच्या शीटची प्रत आधी काढून ठेवा आणि मगच मागे जा.

जे घडले ते मांडणीमुळे घडले. नऊ जणांना संपूर्ण शीटवर लिहिण्याची मुभा दिली, तर चालत्या गाडीवरून उतरताना, दुसऱ्या हातात पावतीपुस्तक असताना, कोणाच्याही अंगठ्याने हे होऊ शकते. फाइल दुसऱ्याला देताना केवळ पाहण्याची, अभिप्राय लिहिण्याची किंवा बदल करण्याची अशा तीन प्रकारची परवानगी देता येते. कार्यकर्त्यांसाठी गूगल फॉर्म तयार करा, ज्यात घर, नाव, रक्कम, रोख की ऑनलाइन आणि पावती क्रमांक एवढेच रकाने असतील. ते फॉर्म भरतील आणि प्रत्येक नोंद आपोआप शीटमध्ये नव्या ओळीत जाऊन बसेल. शीटला हात लावण्याचा अधिकार आपल्याला आणि आणखी एकाला असावा. इतरांना ती पाहता यावी, कारण हिशेब सर्वांना दिसतो आहे ही भावना वर्गणी गोळा करणाऱ्याला मोठे बळ देते.

ज्या खात्यात ही शीट आहे, ते कोणाचे, हेही तपासून घ्या. एखाद्या उत्साही तरुणाने ती स्वतःच्या खात्यात उघडलेली असते आणि तो नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की समितीचा हिशेब त्याच्याबरोबर जातो. समितीच्या नावाने एक खाते उघडा, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, आणि कार्यकारिणी बदलली की पासवर्डही बदला. उत्सव संपल्यावरही त्या खात्यात अधूनमधून जात राहा. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते.

वहीबद्दल जुन्या मंडळींचे म्हणणे मला मान्य आहे. पावतीपुस्तक आणि रोजमेळाची वही चालूच ठेवावी, रोज रात्री शीटमधील बेरीज आणि वहीतील बेरीज दोघांनी मिळून पडताळावी, आणि वहीचे काम त्याच ज्येष्ठ कार्यकर्त्याकडे द्यावे. त्यांच्या हातून ओळी पुसल्या गेल्या त्या वेळी ग्रुपवर कोणी काही लागट लिहिले असेल, तर आपण स्वतः त्यांच्या घरी जाऊन यावे. ग्रुपवर दुखावलेला माणूस बहुधा ग्रुपवर काही बोलत नाही; तो फक्त यायचा थांबतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते रोज विचारतात. मी रोज दाखवते, तरी त्यांच्या लक्षात राहत नाही. माझा आवाज चढतो आणि मग मलाच वाईट वाटते. (एक वाचक, वैशाली नगर)

उत्तर : आपण दाखवता म्हणजे फोन आपल्या हातात असतो, आणि आपले बोट त्यांच्या डोळ्यांपेक्षा वेगाने चालते. उद्या त्यांच्या शेजारी बसा, स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि त्यांना म्हणा, “आई, तुम्ही करा, मी बघते.” त्या थांबतील तेथे पुढचे पाऊल न सांगता “आता काय काय दिसतंय?” असे विचारा. त्यांच्या बहिणीचा किंवा लेकीचा क्रमांक फोनच्या पहिल्या पडद्यावर छायाचित्रासह आणून ठेवता येतो, तेवढे मात्र आपण करून द्या. आणि एक सांगते. रोज तेच विचारण्यात पुष्कळदा आपल्याजवळ पाच मिनिटे बसण्याची इच्छाही असते.

प्रश्न : ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या वाचून मी ज्येष्ठ नागरिक संघाचा ग्रुप सोडला आणि फोनवरील बँकेचे ॲपही काढून टाकले. मुले म्हणतात, ते बरोबरच केले. संघाचे मित्र म्हणतात, परत या. मी काय करावे? (निवृत्त शिक्षक, रामबाग)

उत्तर : आपली भीती रास्त आहे. पोलीस किंवा सीबीआय यांच्या नावाने व्हिडिओ कॉल करून माणसाला तासन् तास कॅमेऱ्यापुढे बसवून ठेवणारे आणि त्याची आयुष्यभराची पुंजी काढून घेणारे लोक आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी याच विषयावर सांगितले, की कायद्यात डिजिटल अटक अशी कोणतीही तरतूद नाही, थांबा, विचार करा आणि मग कृती करा. कोणतीही तपास यंत्रणा फोनवर पैसे मागत नाही. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते अडवता येण्याची आशा असते.

या लोकांचे सारे बळ माणसाला एकटे पाडण्यात आहे. “कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका,” हे त्यांचे पहिले वाक्य असते. म्हणून ग्रुप सोडण्याचा निर्णय मला पटत नाही. संघात परत जा आणि तेथे एक नियम मांडा, की पैसे, पोलीस, पार्सल किंवा बँकेचे नाव घेऊन कोणाचाही फोन आला, तर तो बंद करायचा आणि ठरलेल्या दोन मित्रांपैकी एकाला लगेच फोन करायचा. आपल्या जोडीचे मित्र कोण, हे प्रत्येकाने कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवावे. पुढच्या बैठकीत असा खोटा फोन येण्याची तालीमच करा. एकाने तोतया अधिकारी व्हावे आणि दुसऱ्याने फोन ठेवून द्यावा. सभ्य माणसाला समोरचा बोलत असताना फोन ठेवणे जड जाते. आपल्या पिढीला तर फारच. त्यासाठी सराव हवा.

व्हॉट्सॲपमध्ये खात्याच्या विभागात दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय आहे. तेथे सहा अंकी पिन घालून ठेवा, म्हणजे कोणी फसवून ओटीपी काढून घेतला तरी आपले खाते त्याला सहजासहजी उघडता येणार नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीही लागत नाही, हेही संघात सर्वांकडून म्हणवून घ्या. बँकेचे ॲप पुन्हा घ्यावे की नाही, हे सावकाश ठरवा. त्याची घाई नाही.

प्रश्न : आमचा जुन्या इंदुरातील वाडा आता राहिलेला नाही. तेथे वाढलेली आम्ही १४ भावंडे इंदूर, देवास, पुणे आणि अमेरिकेत आहोत. वाड्याच्या आठवणी सर्वांनी मिळून लिहाव्यात म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. दीड वर्षात शेकडो संदेश झाले, पण हाती काही लागत नाही. थोरल्या भावाने १२ पाने संगणकावर लिहिली आहेत, ती फोनवर उघडली की भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. (एक वाचक, स्नेहलतागंज)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. वाड्यातील माणसे विखुरली, तरी त्यांना एकत्र बसून लिहावेसे वाटते आहे, आणि त्यासाठी आज खरोखरच चांगली साधने आहेत.

थोरल्या भावांची पाने बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली आहेत. त्या पद्धतीत फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरेच. विशिष्ट फाँट असेल तेथे ती देवनागरीसारखी दिसतात. आपल्या हिंदी भागातील कार्यालयांत कृतिदेववर टंकलेखन शिकलेली एक मोठी पिढी आहे, त्यामुळे ही अडचण इंदुरात वारंवार भेटते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोठेही वाचता येते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. बदलल्यानंतर जोडाक्षरे आणि रफार मात्र एकदा डोळ्यांखालून घाला.

व्हॉट्सॲप बोलण्यासाठी ठेवा आणि लेखन गूगल डॉक्समध्ये करा. एकच दस्तऐवज, त्यात चौक, माजघर, विहीर, गच्ची अशी स्थळांची प्रकरणे, आणि ज्याला जे आठवेल ते त्या स्थळाखाली. कालक्रमाने लिहायला बसलात, तर सन कोणता यावर अडाल. भावंडांना ‘सुचवण्या’च्या पद्धतीने लिहू द्या, म्हणजे मूळ मजकूर तसाच राहतो आणि सुचवलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो. अखेरचा हात कोणा एकाचा असावा. दोन भावंडांची एकच आठवण वेगवेगळी निघाली, तर दोन्ही नावानिशी ठेवा. वाड्यात ती तशीच घडली होती.

ज्यांना टंकन जमत नाही, त्यांनी बोलावे. गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे. मात्र तेथे बोलण्याची भाषा मराठी निवडलेली हवी. इंदुरातील बहुतेक फोनवर ती हिंदी असते, आणि मग आपण बोललेल्या मराठीतून हिंदी शब्द उमटतात. कळफलकही मराठीच घ्या. ‘ळ’ आणि ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य तेथे सापडतो, हिंदीच्या कळफलकावर तो शोधता शोधता माणूस ‘वार्यावर’ लिहून मोकळा होतो.

महिन्यातून एकदा सर्वांनी गूगल मीटवर भेटावे. विनामूल्य खात्यावर तिघांपेक्षा अधिक जणांची किंवा तिघांचीही बैठक ६० मिनिटे चालते, आणि आठवणींना एका तासाची मर्यादा बरीच असते. रविवारी रात्री आठ वाजता बसलात, तर न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. प्रत्येक बैठकीत एकच स्थळ घ्या, आणि कोणीतरी एकाने ऐकता ऐकता दस्तऐवजात टिपत जावे.

हे लेखन मराठी विकिपीडियावर घालावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. १ मे २००३ पासून सुरू असलेला तो ज्ञानकोश सर्वांनी मिळून लिहिण्याचे मराठीतील मोठे उदाहरण आहे. परंतु तेथे आधी कोठेतरी प्रसिद्ध झालेल्या आधारावरच लिहायचे असते, त्यामुळे घरच्या आठवणी तेथे बसणार नाहीत. वाड्याची आपण स्वतः काढलेली छायाचित्रे मात्र विकिमीडिया कॉमन्सवर देता येतील. ती एकदा दिली की कोणालाही वापरता येतात, म्हणून आधी सर्व भावंडांची संमती घ्या.

पहिली तीन प्रकरणे झाली, की त्यांची मोठ्या अक्षरांत छापील प्रत काढा आणि १४ जणांपैकी जे फोन वापरतच नाहीत त्यांच्याकडे ती पेन्सिलीसह पाठवा. त्यांनी समासात लिहिलेले कोणीतरी दस्तऐवजात उतरवून घ्यावे.